फ्रान्सच्या खेड्यात निवांत सुट्टी: आधी गाव ठरवा, घर शेवटी

फ्रान्सच्या ग्रामीण भागात आठवडा-दहा दिवस निवांत राहायचं ठरलं की बहुतेक जण आधी घरांचे फोटो पाहायला बसतात. दगडी भिंती, निळ्या झडपांच्या खिडक्या, अंगणात जुना अक्रोड, मागे पोहण्याचा तलाव. एक घर मनात भरतं, पैसे भरले जातात, आणि मग ते ज्या गावात असेल तिथं जाणं भाग पडतं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. सकाळचा पाव आणि रात्रीचं जेवण गाडी न काढता मिळतंय का, यावर सुट्टीचा निवांतपणा घरापेक्षा कितीतरी जास्त अवलंबून असतो. माळावरच्या एकट्या घरातून दुधाच्या एका बाटलीसाठी बारा किलोमीटर जायचं आणि बारा किलोमीटर यायचं, हे पहिल्या दिवशी गमतीचं वाटतं. चौथ्या दिवशी गाडी कोण चालवणार यावरून घरात धुसफुस सुरू होते.

म्हणून आधी महिना ठरवा, मग प्रदेश, मग गाव, मग राहण्याचा प्रकार. घर सगळ्यात शेवटी. उदाहरणासाठी मी मुख्यतः नैऋत्य फ्रान्समधला दोर्दोन्य जिल्हा घेतला आहे. त्याचं जुनं नाव पेरिगोर, आणि फ्रेंच लोक अजून तेच वापरतात. पद्धत मात्र कुठल्याही भागाला लागू पडते.

पहिली पायरी: महिना

आपल्या शाळांना सुट्टी असते मे आणि जूनच्या पूर्वार्धात, आणि हाच काळ ग्रामीण फ्रान्ससाठी उत्तम. जूनमध्ये रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, फ्रेंच शाळा अजून सुरू असतात, भाडी उन्हाळ्याच्या ऐन हंगामापेक्षा कमी असतात. फक्त मे महिन्यातल्या १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या आणि येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार तेवढे पाहून घ्या. या सुट्ट्यांना जोडून रजा टाकायची तिथं रीतच आहे, त्यामुळे त्या दिवसांत चांगल्या जागा लवकर भरतात.

जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा देश सुट्टीवर निघतो. घरं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात, महामार्ग तुंबतात, आणि दक्षिणेकडं ऊन आपल्या नागपूरकरांनाही जाणवेल इतकं असतं. शाळकरी मुलं बरोबर नसतील तर सप्टेंबरसारखा महिना नाही. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आली तर तीही चालते. अक्रोड-चेस्टनटचा हंगाम असतो आणि द्राक्षमळे तांबूस झालेले असतात. पण १ नोव्हेंबरनंतर बऱ्याच जागा आणि खानावळी थेट ईस्टरपर्यंत बंद होतात. नोव्हेंबरात दिवाळी असेल त्या वर्षी हा बेत नकोच.

दुसरी पायरी: एका सुट्टीत एकच प्रदेश

पॅरिस, मग प्रोव्हान्स, मग ल्वार नदीकाठचे राजवाडे अशी यादी मनात असेल तर तो वेगळा प्रवास. निवांत राहायचं असेल तर एकच मुक्काम, फार तर दोन, आणि तेही एकमेकांपासून दोन तासांच्या आत.

गाडी चालवायची नसेल त्यांनी बर्गंडीचा दक्षिण भाग बघावा. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं माकाँ-लोशे स्थानकापर्यंत जेमतेम पावणेदोन तास, तिथून क्लूनीला बस. ९१० साली स्थापन झालेल्या मठामुळे हे गाव प्रसिद्ध आहे. शनिवारी बाजार भरतो, आणि गावातूनच जुन्या रेल्वेमार्गावर तयार केलेला सायकलींचा रस्ता निघतो. क्लूनी ते जिव्री हा ४४ किलोमीटरचा पट्टा १९९७ मध्ये खुला झाला; फ्रान्समधला या प्रकारचा तो पहिला रस्ता. जुना लोहमार्ग असल्यामुळे बहुतेक ठिकाणी चढ सौम्य आहे, गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही जमतो.

उन्हाळ्यातच जावं लागणार असेल तर मध्य फ्रान्समधला कांताल हा डोंगराळ भाग विचारात घ्या. सालेरसारखं गाव साडेनऊशे मीटर उंचीवर आहे. ऑगस्टमध्येही संध्याकाळी स्वेटर लागतो. लव्हेंडर पाहायचंच असेल तर प्रोव्हान्समधला ल्युबेरॉन भाग, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. तो महाग आहे आणि त्या दिवसांत गर्दीचा आहे, हे मान्य करून जा. एकदा शेतं कापली की जांभळा रंग संपतो, आणि ऑगस्टच्या मध्यावर पोहोचलेल्या पाहुण्याला बहुतेक ठिकाणी खुंटच दिसतात.

पेरिगोर मी पुन्हा पुन्हा सुचवते, कारण तिथं एका तासाच्या परिघात नदी, गढ्या, बाजार आणि प्रागैतिहासिक गुहा सगळं सापडतं. लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे, पण माँतिन्याकला २०१६ अखेर उघडलेली तिची पूर्ण प्रतिकृती अर्धा दिवस सहज खाते. शाकाहारींसाठी आधीच एक सूचना: हा बदकाचा मुलूख आहे. बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात, आणि विचारल्याशिवाय ते कुणी सांगणार नाही.

पेरिगोरचे चार भाग मानतात आणि त्यांना रंगांची नावं आहेत. सार्लाभोवतीचा काळा पेरिगोर सगळ्यात देखणा आणि सगळ्यात गजबजलेला. बेर्जराकभोवतीचा जांभळा, द्राक्षमळ्यांचा. पेरिग्योभोवतीचा पांढरा, मोकळ्या शेतांचा. आणि उत्तरेकडं ब्रांतोमच्या बाजूचा हिरवा, जिथं गर्दी कमी आणि भाडीही बरी. पहिल्यांदाच जाणारे सगळे काळ्या पेरिगोरकडं धावतात. मे-जूनमध्ये ते ठीकच. ऑगस्टमध्ये मात्र हिरव्यात मुक्काम करून काळ्यात एखाद-दोन दिवस फिरून यावं.

तिसरी पायरी: गाव

इथं घाई करू नका, कारण खरी निवड हीच आहे.

फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार ग्रामपंचायती आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत आज एकही दुकान उरलेलं नाही. चर्च, पंचायतीचं कार्यालय, युद्धातल्या मृतांचं स्मारक, बास. फोटोत अशी गावं विलक्षण सुंदर दिसतात. तेव्हा नकाशा उघडून बघा: चालत दहा मिनिटांत पावाची भट्टी आहे का? किराणा? कॉफी मिळणारं एखादं ठिकाण? किमान एक खानावळ? भट्टीच्या पानावर उघडण्याचे दिवसही पाहा. आठवड्यातून एक दिवस, पुष्कळदा सोमवारी, ती बंद असते. दोन भट्ट्या असलेल्या गावात मालक आपसात ठरवून वेगवेगळ्या दिवशी बंद ठेवतात, म्हणून दोन भट्ट्यांचं गाव मिळालं तर सोनंच.

मग पंधरा मिनिटांच्या गाडीच्या अंतरात काय आहे ते पाहा: सुपरमार्केट, औषधांचं दुकान, पेट्रोल, डॉक्टर. त्यापलीकडं तासाभराच्या अंतरात पाहण्यासारख्या जागा. या तीन वर्तुळांत पहिलं वर्तुळ सर्वांत महत्त्वाचं, आणि माणसं नेमकी तिसऱ्यापासून सुरुवात करतात.

बाजाराचा वार हा फ्रेंच खेड्याचा कणा. सार्लाला बुधवारी आणि शनिवारी बाजार, ल ब्युगला मंगळवारी, माँपाझिएला गुरुवारी, ब्रांतोमला शुक्रवारी, इसिजाकला रविवारी. आपल्या गावात चालत जाण्यासारखा एक बाजार आणि आसपास वेगवेगळ्या वारांचे दोन-तीन, एवढं जुळलं की आठवड्याचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. बाजार सकाळचा असतो. साडेबाराला दुकानदार आवरायला लागतात, तेव्हा दुपारी जाऊन काही मिळत नाही.

आता प्रत्यक्ष गावं. दोर्दोन्य नदीच्या कड्याला चिकटलेली बेनाक आणि ला रोक-गाजाक ही गावं सगळ्या पोस्टकार्डांवर असतात. पाहायला अवश्य जा. राहायला मात्र ती अडचणीची: उभे चढ, गाडी ठेवायची मारामार, रोजच्या वापराची दुकानं नगण्य, आणि दिवसभर माणसांचा लोंढा. सार्ला हे खरं तर छोटं शहर. सगळं मिळतं, पण जुन्या भागात राहिलात तर रात्री खिडकीखालचे जेवणारे लोक झोपू देतीलच असं नाही. मला ल ब्युग जास्त पटतं. ते पोस्टकार्डावर नसतं. वेझेर नदीच्या काठी अडीच हजारांच्या आसपास वस्ती, रेल्वे स्थानक, दुकानं, गुहांचं ले-झेझी गाव जवळ. माँपाझिए त्याहून लहान. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं १२८४ मध्ये वसवलेलं, काटकोनात आखलेल्या गल्ल्यांचं, मधोमध कमानींचा चौक आणि लाकडी छताचा बाजारकट्टा. चालायला जवळजवळ सपाट आहे, म्हणून आईवडील बरोबर असतील तर मी आधी हेच नाव सांगते. पण रेल्वे नाही, गाडी हवीच.

‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ ही संस्था १९८२ पासून आहे आणि दोन हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांनाच तिचा शिक्का मिळतो. तो शिक्का दगडांच्या सौंदर्याचा आहे, राहण्याच्या सोयीचा नव्हे. शिक्क्याच्या गावापासून पाच-सात किलोमीटरवरचं साधं बाजारगाव शोधणं, ही माझी आवडती युक्ती.

गाव ठरलं की उपग्रहाच्या नकाशावर जागेच्या भोवती काय आहे ते बघा. रेल्वेचा रूळ, ट्रकांचा रस्ता, कोंबड्यांची लांबलचक शेड, खाण. चर्च पन्नास पावलांवर असेल तर घंटा रात्रीही वाजते का ते विचारा. दक्षिणेत काही गावांत तर तासाचे ठोके दोनदा पडतात. कोंबड्याच्या आरवण्याबद्दल मात्र तक्रार करू नका. ओलेरों बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारी कोर्टात गेले होते. २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूनं लागला, आणि २०२१ मध्ये फ्रेंच संसदेनं गावाकडचे आवाज नि वास हा ग्रामीण वारसाच असल्याचा कायदा केला.

चौथी पायरी: राहण्याचा प्रकार

झीत म्हणजे स्वयंपाकघरासह भाड्यानं मिळणारं सुटं घर. मालक बहुधा शेजारीच राहतो, चावी हातात देतो आणि मग तुम्हाला तुमच्यावर सोडतो. मराठी कुटुंबांना, विशेषतः मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर, हाच प्रकार सोयीचा. सकाळचा चहा आपल्या मनासारखा होतो आणि रात्री वरणभात. हंगामात आठवड्यानं, एरवी पुष्कळ ठिकाणी तीन-चार रात्रींसाठीही मिळतं. ‘झीत द फ्रांस’ ही या घरांची १९५० च्या दशकापासूनची संघटना; ती घर प्रत्यक्ष पाहून एक ते पाच गव्हाच्या ओंब्यांचा दर्जा देते. सरकारी ताऱ्यांचा दर्जा वेगळा आणि तो पाच वर्षांनी पुन्हा घ्यावा लागतो. दोन्ही दर्जे सोयी मोजतात. ओंबी असो की तारा, खिडकीतून काय दिसतं आणि मालक कसा आहे हे त्यातून कळत नाही. माझा अनुभव असा की तीन ओंब्यांच्या घरात आपल्याला लागतं ते सगळं असतं.

शांब्र दोत म्हणजे मालकाच्याच घरातली पाहुण्यांची खोली. कायद्यानं अशा जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे. नाश्ता आणि चादरी-टॉवेल भाड्यातच, आणि मालकानं स्वतः स्वागत करायचं. बऱ्याच ठिकाणी आधी सांगितलं तर रात्रीचं जेवणही देतात, त्याला ताब्ल दोत म्हणतात. एकच ठरलेला बेत, एकच मोठं टेबल, मालक-मालकीण आणि इतर पाहुणे सोबत. कोकणातल्या घरगुती खानावळीत मुक्काम केलेल्यांना हे परकं वाटणार नाही. फरक एवढाच की इथं जेवण दोन-अडीच तास चालतं आणि गप्पा हा त्यातला मुख्य पदार्थ. फ्रेंच येत नसलं तरी घाबरू नका, पण मालकांना इंग्रजी येतं का हे आधी विचारा. शाकाहारी असाल तर खोली घेतानाच कळवा. ‘शाकाहारी’ एवढ्यावर थांबू नका: मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, चीज चालतं की नाही, असं स्पष्ट लिहा.

शांब्र दोतची मर्यादाही सांगते. तिथं बहुधा स्वयंपाकघर नसतं, आणि दिवसभर खोलीत लोळत पडलं तर आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. तीन-चार रात्री झकास. त्यापुढं झीत बरी. म्हणून दहा दिवस असतील तर सुरुवातीला तीन रात्री शांब्र दोतमध्ये, मग आठवडा झीतमध्ये, ही विभागणी उत्तम. पहिल्या तीन दिवसांत मालकीणबाई आसपासचे बाजार, नदीवरची पोहण्याची जागा, बरा डॉक्टर असं सगळं सांगून टाकते, आणि ते ज्ञान पुढच्या आठवड्याला कामी येतं.

शेतावर राहायचं असेल तर ‘बियाँव्हन्यू आ ला फेर्म’ हे कृषी मंडळांचं जाळं आहे. मुलांना गाई-शेळ्या दाखवायच्या असतील तर छान, पण तिथलं जेवण त्याच शेतावरच्या मालाचं, म्हणजे पुष्कळदा मांसाचं.

गावातलं छोटं हॉटेल हा पर्याय लोक विसरतात. ‘लोजी’ या नावाखाली १९४९ पासून अशी कुटुंबांनी चालवलेली हॉटेलं एकत्र आली आहेत. खाली खानावळ, वर खोल्या. एक-दोन रात्रींसाठी किंवा एकट्यानं प्रवास करणाऱ्यांसाठी चांगली. आठवडाभर मात्र रोज खानावळीत जेवून पोट आणि खिसा दोन्ही कंटाळतात.

पाचवी पायरी: जाहिरात नीट वाचा

‘सहा जणांसाठी’ म्हणजे सहा पलंग नव्हेत. दोन माणसं बैठकीतल्या सोफ्यावर झोपणार असतात, आणि तिसरी ‘खोली’ म्हणजे दार नसलेला माळा असू शकतो. सासू-सासरे किंवा मित्राचं कुटुंब बरोबर असेल तर खोल्यांची दारं मोजा. दोघांचा फ्रेंच पलंग पुष्कळदा १४० सेंटिमीटर रुंदीचाच असतो. १६० हवा असेल तर तसं लिहिलेलं शोधा. झोपायच्या खोल्या वर आणि न्हाणीघर खाली, मध्ये अरुंद लाकडी जिना, ही जुन्या दगडी घरांची नेहमीची रचना आहे. रात्री उठावं लागणाऱ्यांसाठी सगळं तळमजल्यावर असलेलं घरच घ्या. जाहिरातीत ‘प्लँ-पिए’ असा शब्द दिसला की ते घर एकाच पातळीवर आहे.

शेजारच्या घराशी भिंत सामाईक आहे का, अंगणाला कुंपण आहे का, तलाव फक्त आपला की मालकाचा आणि इतर पाहुण्यांचाही, हे वाचा. खाजगी तलावाला कुंपण, झाकण, छत किंवा गजर यांपैकी एक सुरक्षासाधन कायद्यानं बंधनकारक आहे. लहान मुलं असतील तर नुसत्या गजरावर विसंबू नका, कुंपणाचाच तलाव घ्या. पाणी तापवलेलं नसेल तर मेमध्ये त्यात पाय बुडवण्यापलीकडं काही होत नाही.

वातानुकूलन शोधण्यात वेळ घालवू नका. जाड दगडी भिंती आणि दुपारी ओढून घेतलेल्या लाकडी झडपा हेच तिथलं वातानुकूलन. उलट मे आणि ऑक्टोबरमध्ये तेच घर गारठतं, तेव्हा घर तापवण्याची सोय काय आणि तिचे पैसे कोणी द्यायचे, ते पाहा. डासांच्या जाळ्या सहसा नसतात.

पैशाचा खरा आकडा पहिल्या ओळीत कधीच नसतो. समजा चौघांच्या घराचं आठवड्याचं भाडं ७०० युरो लिहिलंय. चादरी-टॉवेल माणशी १५ युरो म्हणजे ६०, शेवटची सफाई ७०. झाले ८३०. वर प्रत्येक प्रौढामागं रोजचा मुक्कामकर. तो प्रत्येक गावाचा वेगळा असतो आणि अठराखालच्यांना माफ. शिवाय वीज. काही करारांत दिवसाला ठरावीक युनिट भाड्यात असतात आणि त्यावर मीटरप्रमाणे पैसे, म्हणून आल्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा. दोन घरांची तुलना करताना हे सगळे आकडे मिळवूनच करा. कित्येकदा महाग दिसणारं घर स्वस्त निघतं.

सहावी पायरी: मालकाशी बोलणं, करार आणि व्हिसा

मालकाला आधी चार ओळी लिहा. भाषांतराच्या साधनानं साध्या फ्रेंचमध्ये, सुरुवात ‘बाँझूर’नं. नमस्काराशिवाय थेट प्रश्न विचारणं तिथं उद्धटपणाचं मानतात, दुकानातसुद्धा. आपण कोण, किती जण, कधी येणार, एवढं सांगून प्रश्न विचारा: भट्टी चालत किती मिनिटांवर, फोनला रेंज येते का, शेगडी गॅसची की विजेची, कपडे धुण्याचं यंत्र आहे का, शनिवारी उशिरा पोहोचलो तर चावी कशी मिळेल. उत्तर किती लवकर आणि कशा सुरात येतं यावरून माणूस कळतो. मी दोन सारख्या घरांतून नेहमी चांगलं उत्तर देणाऱ्याचं घर घेते.

करार लेखी हवा आणि त्यात घराचं वर्णन हवं. आगाऊ रकमेसाठी फ्रेंच कायद्यात दोन वेगळे प्रकार आहेत, आणि कराराच्या कागदावर कुठला लिहिलाय ते डोळ्यांत तेल घालून पाहा. ‘आर’ प्रकारची रक्कम असेल तर तुम्ही रद्द केल्यास ती बुडते, पण तेवढ्यावर सुटका होते. मालकानं रद्द केलं तर त्यानं दुप्पट परत करायची. ‘अकाँत’ असेल तर तो पक्का सौदा, रद्द केलं तरी उरलेलं भाडं मागितलं जाऊ शकतं. व्हिसा हातात नसताना दुसऱ्या प्रकारच्या करारावर सही करणं धोक्याचं.

व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. झीतचा सही झालेला करार आणि पैसे भरल्याची पावती जोडा. त्यावर सगळ्या प्रवाशांची नावं असतील असं मालकाला आधीच सांगा. पाहुणा म्हणून फुकट राहणार असाल, म्हणजे नातेवाइकांकडं, तर त्यांना तिथल्या पंचायतीतून वेगळं निमंत्रणपत्र काढावं लागतं. भाड्याच्या घराला ते नको. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. सुरुवातीला रद्द करता येईल अशीच जागा धरा आणि व्हिसा आल्यावर उरलेले पैसे भरा. लहान मालक हे समजून घेतात, विचारलं तर.

सातवी पायरी: पोहोचायचं कसं

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे, आणि पॅरिस ते बोर्दो वेगवान रेल्वे दोन तासांच्या थोडी वर. बोर्दोहून बेर्जराक, ल ब्युइसाँ मार्गे सार्लापर्यंत छोटी गाडी जाते. निसर्ग सुंदर, फेऱ्या मोजक्या. विमानातून उतरल्या दिवशीच गाडी हातात घेऊन अनोळखी गावाकडं निघू नका. झोप अर्धवट, वाहनं उजव्या बाजूनं, आणि शेवटचे दहा किलोमीटर एकाच गाडीच्या रुंदीचे. ती रात्र बोर्दोत काढा.

भाड्याच्या गाडीसाठी आपला परवाना, आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. गिअर नसलेली गाडी हवी तर आधीच सांगा, नाहीतर गिअरची मिळते आणि तीही डावीकडून चालक. खेड्यात फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम पाठ करून जा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर, गावात ५०.

स्वयंपाकघर

तूप नेऊ नका. पेढे, खवा, बर्फी काहीच नको: युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि मे महिन्यातला हापूससुद्धा वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. कोरडे मसाले, गोडा मसाला, पोहे, चिवडा चालतो. तूप तिथंच करा. बिनमिठाचं लोणी कुठल्याही दुकानात उत्तम मिळतं आणि कढवल्यावर घरचंच वाटतं. ल प्युईची हिरवी मसूर, छोले, तांदूळ, रवा सुपरमार्केटात असतात. कुकर असेल याची खात्री नाही, म्हणून लहानसा न्यायचा तर शेगडी कुठली हे विचारलेलं बरं. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं भांडं तापत नाही.

खानावळीत दुपारचं जेवण बारा ते दीडच्या आत गाठा. अडीचला पोहोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि विनवणी करून उपयोग नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये पेरिगोरच्या कित्येक गावांत संध्याकाळचे बाजार भरतात: चौकात लांब टेबलं, वेगवेगळ्या गाड्यांवरून पदार्थ आणून खायचे. ताट-वाटी, काटे-चमचे आपले न्यायचे असतात.

आल्या दिवशी आणि जायच्या दिवशी

झीत बहुधा दुपारी चार-पाचनंतर मिळते. शनिवारी चावी घेण्याआधी सुपरमार्केट करा, कारण रविवारी दुपारनंतर जवळजवळ सगळं बंद. मालकाबरोबर घर फिरून काय तुटलेलं-फुटलेलं आहे ते कागदावर लिहून घ्या. अनामत रक्कम त्यावरच परत मिळते. खेड्यातल्या पुष्कळ घरांना सांडपाण्याची स्वतःची टाकी असते, म्हणून संडासात कागदाशिवाय काही टाकायचं नाही आणि उरलेलं फोडणीचं तेल मोरीत ओतायचं नाही. कचरा वेगवेगळा करून गावाच्या कोपऱ्यावरच्या डब्यांत नेऊन टाकायचा.

निघायची वेळ सकाळी दहा असते आणि ती पाळतात. सफाईचे पैसे भरले असले तरी भांडी घासून, कचरा टाकून, फ्रीज रिकामा करून निघायचं. हळदीचे डाग आदल्या रात्रीच पाहून घ्या. पांढऱ्या ओट्यावरचे बहुतेक लिंबू आणि उन्हानं जातात. मीटरचा दुसरा फोटो काढा, आकडा मालकासमोर वाचा, आणि अनामत तिथंच परत मिळणार की दोन-तीन आठवड्यांनी खात्यात येणार ते विचारून चावी द्या.